पवनची धडधड

चूक बापूरावची होती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे म्हातारं माणूस गोष्ट सांगायला बसलं की शेवटी दोष नशिबाला जातो, अमावस्येला जातो, नाहीतर पोराला जातो. मोठ्या माणसाला कधीच जात नाही.

गोष्ट रामधनकाकाने सांगितली. शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेच्या खालच्या अंगाला त्याचं वावर आहे आणि बापूरावचा भाजीचा मळा त्याच्या धुऱ्याला लागूनच. मोटारीसाठी रात्रीची लाइन यायची वाट पाहत आम्ही पोरं विहिरीजवळच्या खोपटात बसलो होतो. काकाने काटक्या पेटवल्या, बिडी पेटवली आणि सुरू केलं. त्याने सांगितलं तसंच लिहितो. जिथे त्याने बापूरावची बाजू घेतली तेवढं गाळलं आहे.

"कोरोना गेला त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट हाये," काका म्हणाला. "संक्रांतीच्या आदली रात. चांद उशिरा निंघणार होता. बापूराव पोराले म्हणे, जाय, वांग्याले पाणी दे. मी येतो मांगून."

पोरगा म्हणजे पवन. तो फावडं घेऊन गेला. बापूराव मागून आला तो बंदूक घेऊन.

बंदूक बापूरावच्या बापाची, एकनळी, पीक राखायच्या परवान्यावरची. हरणावर ती चालवणं गुन्हा आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत. बापूराव म्हणायचा, हरणं वावर खातात. खातात, खरंय. कळप उतरला की एका रात्रीत हरभरा साफ होतो. पण बापूरावच्या मळ्यात हरभरा नव्हताच. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. कोथिंबिरीसाठी कोणी जीव घेत नाही. कारण दुसरंच होतं. पवनचा हात कापायचा.

दिवसा नाही. दिवसा तो बाभळीला टांगलेली बाटली सहज उडवायचा. पण रात्री बॅटरीच्या उजेडात हरीण उभं राहिलं की त्याच्या तोंडाला कोरड पडायची, कानात स्वतःचंच काळीज वाजायचं आणि बंदुकीची नळी अशी फिरायची, जशी काही कोणी तिकडून ओढून राहिलंय. हरीण निघून जायचं. पवन तिथेच उभा. घामाने चिंब, थंडीत.

"म्या त्याले सांगतलं होतं," काका म्हणाला. "दम अर्धा सोड, मंग घोडा दाब. डोयाकडं पाहू नोको. खांद्यामागचा एक केस धर अन् तेवढाच पाह्य. दाढेत लवंग धर. समदं केलं पोट्ट्यानं. तरी कापेच."

"काका, तुमचा नाही कापला कधी?" प्रज्वलने विचारलं. आमच्यातला सगळ्यात बोलका तोच.

"माहा? पयल्या टायमाले त माहं धोतर ओलं झालं होतं, बाप्पा!"

सगळे हसले. प्रज्वल हसला नाही. "मंग पवननं काय वाईट केलं होतं? त्याचं त धोतर कोरडं होतं."

काकाने त्याच्याकडे पाहिलं. "सांगू देतं का नाही?"

पवनचा हात कापतो हे बापूरावला लपवता आलं असतं. त्याने ते पानठेल्यावर सांगितलं, पोराला बाजूला उभं करून. "याच्यासाठी बांगड्या पाहून राह्यलो," म्हणाला. "माप देतं का बे?" ठेल्यावरचे सगळे हसले. रामधनकाकाही हसला असणार. तसं तो म्हणाला नाही, पण सांगताना आताही त्याला हसू येत होतं.

बापूरावच्या घरात एक रीत होती. काका तिला 'धडधड सोपवणं' म्हणाला. ज्याचा हात कापतो त्याने पहिलं हरीण स्वतः पाडायचं. पाडायचं, पण मारायचं नाही. जिवंत असताना त्याच्या छातीवर उजवा तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, माहं तू ने. मग ते थंड होईस्तोवर तळवा उचलायचा नाही. तुमची धडधड ते जनावर घेऊन जातं. पुन्हा जन्मात हात कापत नाही. बापूरावच्या बापाने बापूरावकडून करून घेतलं होतं. आता बापूराव पवनकडून करून घेणार होता. आमच्याकडे बाप पोराला हेच देतात. जे त्यांना लागलं तेच.

मादी होती. वांग्याच्या कडेला, पाण्याच्या वासाने आलेली. बापूरावने बॅटरी धरली. पवनने बंदूक धरली आणि नळी फिरू लागली.

"मार."

"बाबा, नाही होत मायाच्यानं."

"मार, नाहीतर आज घरी येऊ नोको."

पवनने मारलं. हात कापत असताना मारलं, म्हणून गोळी खांद्यामागे न जाता कमरेत गेली. हरणी खाली बसली. पुढचे पाय उठत होते, मागचे उठत नव्हते. ओरडली नाही. हरीण फारसं ओरडत नाही.

"बाबा, दुसरी गोळी द्या. सोडवतो तिले."

"नाही. जित्ती पाह्यजे. ठेव हात."

पवनने हात ठेवला नाही. बापूरावने त्याचं मनगट धरलं आणि तळवा तिच्या छातीवर दाबला. वर स्वतःचा हात ठेवला. "बोल."

"माहं... तू ने."

"जोरानं बोल बे."

"माहं तू ने."

काका म्हणाला, पवननेच त्याला पुढे सांगितलं होतं. आधी तिचं काळीज पक्ष्यासारखं फडफडत होतं. मग कोणतं तिचं आणि कोणतं आपलं ते कळेना. मग त्याच्या कानातला आवाज हळूहळू कमी होऊ लागला. तिच्या छातीतला वाढू लागला. ती त्याच्याकडे पाहत होती...

तेवढ्यात हायवेवरून एक जीप खाली वळली. उजेड मळ्यावरून फिरला. फारेस्टवाले आले असं वाटून बापूरावची गाळण उडाली. रीत मोडू नये म्हणून पोराचा हात दाबून धरणारा माणूस, त्यानेच पोराचा हात ओढून काढला. "पय!" म्हणाला.

"बाबा, ते जित्ती हाये अजून..."

"पय म्हणतो ना!"

पळाले. जीपमध्ये बाजारातून परत येणारी माणसं होती. सरळ पुढे निघून गेली.

सकाळी बापूराव पाहायला गेला. हरणी नव्हती. नाल्याकडे ओढत गेल्याची फरफट होती, नाल्यापर्यंत. पलीकडे काही नव्हतं. "कोल्ह्यानं नेली असन," म्हणाला आणि संक्रांतीचा तीळगूळ खायला घरी गेला.

त्या दिवसापासून पवनचा हात कापला नाही.

भरलेला चहाचा कप नेला तरी कपातला चहा हलत नव्हता. मेथीत साप पायावरून गेला. पवन खाली पाहत उभा राहिला, साप गेल्यावर पुन्हा मेथी खुडू लागला. बापूरावने त्याला पुन्हा दोनदा रात्री नेलं. दोन्ही वेळा एकेका गोळीत जनावर पडलं. बापूराव पानठेल्यावर गेला आणि ज्या तोंडाने बांगड्या म्हणाला होता त्याच तोंडाने म्हणाला, "वाघ हाये माहा पोट्टा."

पवनची सोयरीक ठरली होती, मंगरूळपीरच्या शुभांगीशी. तिने फोन करणं बंद केलं. तिच्या आईने विचारलं तर म्हणाली, "थ्यो बोलते, पण फोनवर कोणीच नसल्यावानी वाट्टे."

आणि पंचफुलाबाईने, पवनच्या आईने, एका रात्री झोपलेल्या पोराच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग नवऱ्याला उठवलं.

"आवाज येऊन राह्यला," म्हणाली. "पण लय दुरून येऊन राह्यला जी. नाल्याकडून आल्यावानी."

"झोप गुमान," बापूराव म्हणाला.

दुसऱ्या रात्रीपासून तो आवाज बापूरावलाही ऐकू येऊ लागला. छातीला कान न लावता. बाहेरून. थड-थड. थांबून पुन्हा थड-थड. आधी नाल्यात. काही रात्रींनी मळ्यात. मग हौदाजवळ. आवाजाच्या मागोमाग काहीतरी ओढल्याचा आवाज. मातीवरून. जड.

मळ्यातलं घर. दार पत्र्याचं. पवन उठायचा आणि दाराजवळ जाऊन उभा राहायचा.

"बाबा, ते परत करायले आली."

"कोण?"

"माहं माह्याजवळ नाही. तिच्याजवळ हाये. तिले मरता येऊन नाही राह्यलं त्याच्यानं. मले घेऊ द्या."

इथे काका थांबला. शेकोटीत काटकी घातली.

बापूरावला कळलं नव्हतं असं नाही. सगळं कळलं होतं. त्याने पोराला सरळ सांगितलं, "परत घेतलं त हात पुन्हा कापन. नाही पाह्यजे मले." दुसऱ्या दिवसापासून तो रात्री दाराला आतून कुलूप लावू लागला आणि किल्ली करदोड्याला बांधू लागला.

महाशिवरात्रीची रात्र. पंचफुलाबाईला उपास होता. संध्याकाळी देवळात तिने व्याधाची आणि हरणीची कथा ऐकली होती. हरणी शब्द देते, पिल्लांना भेटून येते, मरायला परत येते. घरी येऊन तिने नवऱ्याला एवढंच म्हटलं, "हरणी परत येतेच जी. आज दार उघडं ठेवा."

"पोथी देवळात ठेवून येत जाय," बापूराव म्हणाला आणि बंदूक उशाला घेतली.

गाव झोपलं. देवळातलं भजन बंद झालं...

थड-थड.

अंगणात.

ओढल्याचा आवाज. पायरीपाशी आला. थांबला.

पत्रा वाजू लागला. कोणी ठोकत नव्हतं. कोणीतरी छाती टेकवली होती. पत्र्यामागून... थड-थड... थड-थड... मांडणीवरची भांडी त्याच्याबरोबर हलत होती.

पवन दारापाशी गेला. आतून पत्र्यावर उजवा तळवा ठेवला. संक्रांतीपासून पहिल्यांदा त्याचा हात कापला. थोडासा. बोटांच्या टोकांना. तो आईकडे वळला आणि हसला.

"माय... येऊन राह्यलं. माहं येऊन राह्यलं वो..."

पंचफुलाबाई नवऱ्याच्या पायावर पडली. "किल्ली द्या. तुमच्या पाया पडतो, किल्ली द्या. पोरगं मांगून राह्यलं ना..."

बापूरावने पाय झटकला. पोराचा कापणारा हात त्याला दिसला. बास. तेवढंच त्याला दिसलं.

त्याने पवनला खांद्याला धरून बाजूला ढकललं.

"बाबा, नोको..."

नळी दाराला टेकवली.

"बाबा..."

मारलं.

मग काही नाही.

पत्रा गप्प. भांडी गप्प. धूर. बाहेर काही पडल्याचा आवाज नाही, ओढल्याचा नाही. पवन भिंतीला टेकून बसला होता. हात मांडीवर. स्थिर.

"गेली," म्हणाला.

पंचफुलाबाई रांगत त्याच्याजवळ गेली. छातीला कान लावला. एका बाजूने लावला... दुसऱ्या बाजूने लावला...

नाल्याकडूनही काही येत नव्हतं.

अंगावर जखम नव्हती, ओरखडा नव्हता. डॉक्टरने हृदय बंद पडलं म्हणून लिहिलं. सकाळी दार उघडलं तर पायरीवर रक्त नव्हतं, केस नव्हता, खुरांचा ठसा नव्हता.

"मंग?" प्रज्वल म्हणाला.

"मंग काय. म्या सोता पाह्यलं थे दार," काका म्हणाला. "गोई बापूरावनं आतून मारली होती. पंचफुलाबाईनं पाह्यलं, बापूरावही तेच सांगते. पण पत्र्याले जे भोक पडलं ना... त्याच्या कडा आतमंदी वळल्या होत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे बाहीरून मारल्यावानी."

कोणीतरी म्हणालं, पत्रा उलटा बसवला असेल. लाइन आली, मोटार सुरू झाली, पण उठलं कोणीच नाही.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. दार अजून तेच आहे. भोकाच्या कडा आत आहेत. बोट लावलं तर कापतं इतक्या धारदार.

पंचफुलाबाई मानोऱ्याला माहेरी गेली, ती परत आली नाही. बापूराव मळ्यातच राहतो. पवन त्याचा एकुलता एक पोरगा होता. तेवीस वर्षांचा.