टेकू काढायचा दिवस

भिंतीतल्या जिन्यात मी अर्ध्यावर होते, तेवढ्यात डोक्यावरची फळी धाडकन बंद झाली.

मिट्ट अंधार. दोन्ही खांद्यांना गार माती लागत होती. मी अशी किंचाळले की अख्ख्या रनाळे गावानं ऐकलं असेल!

"कोन शे रे तठे?" वरून आवाज आला.

"मी... मी प्रिस्किला गावित! आधी उघडा!"

फळी सरकली. वर भुशानं माखलेला चेहरा, कानामागे पेन्सिल, आणि डोळ्यांत हसू. माणसानं ते दाबायचा प्रयत्न तरी करावा की नाही?

"माले वाटनं, चोर शे."

"चोर किंचाळतो का?"

"भित्रा व्हई तर किंचाळस."

ही माझी आणि ललितची पहिली भेट. तो लोणखेड्याचा सुतार. मी नवापूरची, नुकतीच आर्किटेक्ट झालेली. तुळशीबाई पाटलांचं हे जुनं घर सरकारनं संरक्षित म्हणून जाहीर केलं होतं आणि त्याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं होतं. आयुष्यातलं पहिलं काम.

घर धाब्याचं. हातभर जाड मातीच्या भिंती, सागाचे कोरीव खांब आणि वर मातीचंच सपाट छत. कधीकाळी या भागात लुटारूंचा धाक होता म्हणे. म्हणून दार इतकं बुटकं, की येणाऱ्यानं मान झुकवूनच आत यावं. जिना भिंतीत लपवलेला. तो चढून वर गेलं, की फळी ओढून आतून बंद.

"हे घर भीतीपोटीच बांधलंय," मी त्याला सांगितलं.

"मंग तुमनं नि ह्या घरनं मस्त जमी."

मला राग यायला हवा होता. हसूच आलं.

दुखणं मधल्या खोलीत होतं. तिथल्या मुख्य तुळईचं एक टोक वाळवीनं पोखरलं होतं. तुळई काढून लोखंडी टाका, असं जो तो सांगत होता. मी हट्टानं नाही म्हटलं. सडलेलं टोक कापायचं, तिथे नवा साग सांधायचा, छतावर वर्षानुवर्षं चढत गेलेली जास्तीची माती उतरवायची. जुनी तुळई भार पेलेल, असा माझा हिशोब होता.

तुळईखाली टेकू लागले आणि ललितचं काम सुरू झालं. तो तिच्याखाली उभा राहून करवत चालवायचा आणि मी बघत उभी राहायचे. हिशोब माझा... आणि खाली डोकं त्याचं!

"मॅडम, मन्हाकडे काय देखी ऱ्हायनात?"

"मी तुळई बघतेय."

"तुळई वर शे," तो करवत न थांबवता म्हणाला. "मी खाले शे."

मी बाहेर पळाले. कान तापले होते.

काम संपत आलं तेव्हा तुळशीबाईंनी घरची रीत सांगितली. "टेकू निंघतीन त्या दिनले, ज्यानी काम करं तो तुळईखाले बसीसन चहा पेस. जोडीथीन. मंगच आम्ही घरमा पाय ठेवतस."

म्हणजे सुताराला आपल्या कामाची इतकी खात्री हवी, की त्यानं बायकोला शेजारी बसवावं.

"मन्ही जोडी कोठे शे, काकू?" ललित म्हणाला.

"ते तू देख, बाबा." आणि त्या माझ्याकडे बघून गालात हसल्या.

मला मात्र हसता आलं नाही. त्या तुळईखाली ललित बसलेला माझ्याच्यानं बघवणार नव्हता. एवढ्या दिवसांत मी ज्याला भीत होते ते हेच होतं. घर पडेल याला नाही... तो जाईल याला.

टेकू काढायच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. सकाळी धाबं पाणी पिऊन जड झालेलं. "आज ऱ्हाऊ द्या," तुळशीबाई म्हणाल्या. मला केवढं हायसं वाटलं! पण लगेच कळलं, की छत याहून जड कधी होणारच नाही. बघायचं तर आजच बघायला हवं.

"आजच काढू," मी म्हणाले. "आणि खाली मी बसेन. एकटी."

तुळईच्या बोटभर खाली मी दोरी ताणून बांधली. तुळई वाकून दोरीला टेकली, तर माझा हिशोब चुकला. ललितनं टेकूंखालचे जॅक हळूहळू उतरवले. टेकू काढून बाजूला ठेवले. चहाचा कप घेऊन मी पाटावर बसले.

"तुम्ही बाहेर जा."

तो दारातून वाकून बाहेर गेला. खरंच गेला! मीच पाठवलं होतं, तरी डोळे भरून आले.

तुळई करकरली. माझ्या चहात माती पडली. मी डोळे घट्ट मिटले.

शेजारी काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. ललित. दुसरा पाट. दुसरा कप.

"मी बाहेर जा म्हटलं होतं ना?"

"पाट लेवाले गयथू."

"ललित... रीत जोडीची आहे."

"माले माहीत शे."

"आणि पडलं तर?"

"सांधा मन्हा शे, हिशोब तुन्हा शे. पडी तर दोन्हीसवर पडी."

तुन्हा. 'तुमना' नाही. "आणि मॅडम कुठे गेली?"

"तिले तर मी बाहेरच सोडी उनू."

पुन्हा करकर झाली, जरा मोठी. मी त्याचा हात धरला. खरखरीत, उबदार हात. आम्ही दोघंही वर बघत राहिलो. करकर थांबली. दोरी होती तिथेच होती, आणि तिच्यावरचं बोटभर अंतरही.

मी रडत होते की हसत होते, कोण जाणे.

"नवापूरला माझे बाबा आहेत," मी हळूच म्हणाले. "सॅम्युअल गावित. त्यांच्यापुढेही बसावं लागेल."

ललितनं कप खाली ठेवला. "तठे... तठे माले भ्या वाटस."

"मी बसेन ना शेजारी."

बाहेरून तुळशीबाईंची हाक आली, "काय वं, आते येऊ का आम्ही?"

"थांबा!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. चहा अजून संपला नव्हता.