पठारावरचा ठिपका

कर्नल बद्रीनाथ तुपे दुसऱ्या कुणाच्या हातचा चहा घेत नसत, हे मेजर भिकन शिंगाडेला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ते घरून थर्मास आणायचे, स्वतः ओतून घ्यायचे आणि कप धुऊन परत पिशवीत ठेवायचे. सीमेवरून आलेल्या माणसाच्या सवयी, असं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

काम तसं निवांत होतं. छावणीतल्या एका तळघरात बसून रडारच्या पडद्यावर मराठवाड्याचं आकाश राखायचं. लढाई थांबून वर्ष झालं होतं. आता पडद्यावर प्रवासी विमानं आणि पाखरांचे थवे याखेरीज काही येत नव्हतं. संध्याकाळी क्रांती चौकातली गर्दी पार केली की पुंडलिकनगरात भिकनचं घर होतं, बायको मंजुळा होती. सुट्टी मिळाली की तो गाडी काढून सोयगावच्या वरच्या पठारावर मायकडे जायचा.

माय म्हणजे बानाबाई. नवरा गेला, मुलगा फौजेत मोठा अधिकारी झाला, तरी तिनं मेंढरं सोडली नव्हती. पुंडलिकनगरात राहायला चल म्हटलं की ती म्हणायची, तुझ्या त्या गॅलरीत मेंढरं बांधू का? पाऊसकाळ सरला की पठारावर तिचं कापडी पाल पडायचं. तिथल्या एका दरडीवर उभं राहिलं तर फोन लागायचा. मग भिकननं बोलायचं कमी आणि बोलणी खायची जास्त. जेवलास का, वाळलास का, सुनेला का आणत नाहीस, फौजेत कुणी खायला घालतं की नाही.

दिवाळीच्या तोंडावर पडद्यावर ठिपका दिसला. नेमका त्या पठाराच्या वर.

तो हलत नव्हता. विमान म्हणावं तर घिरट्या नाहीत, फुगा म्हणावं तर वाऱ्यानं सरकत नाही. ड्रोन पाठवला, त्याच्या कॅमेऱ्यात निळं आकाश आणि खाली चरणारी मेंढरं. यंत्र तपासलं, तारा बदलल्या. ठिपका तसाच. फक्त दर दुपारी तो आधीपेक्षा थोडा खाली उतरलेला असायचा.

वरच्या कचेरीनं कळवलं की यंत्रातला दोष असावा, लक्ष ठेवा. कर्नल तुपे त्या दिवसापासून घरी जाईनासे झाले. खुर्चीतच बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे. हाताखालच्या पोरांना मध्येच थांबवून भलतंच विचारायचे. तुझ्या थोरल्या भावाचं नाव काय? शाळेत तुला काय म्हणून चिडवायचे? उत्तर आलं की चेहरा निरखत राहायचे. पोरं हसायची, पण त्यांच्या वाटेला जाईनाशी झाली.

त्या दुपारी त्यांनी भिकनला शेजारी बसवून घेतलं.

"शिंगाडे, तुमच्या आई तिथंच असतात ना?"

"हो सर."

"शेवटचं कधी बोललात?"

"काल. दिवाळीला गोडधोड घेऊन ये म्हणाली. आणि लई शिव्या घातल्या."

कर्नलांनी मान हलवली. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मग ते हळू आवाजात सांगू लागले. सीमेवर त्यांच्या हाताखाली एक चौकी होती, बर्फातली. तिच्यावर असाच एक ठिपका येऊन थांबला होता. त्यांनी वर विचारलं, वरून सांगितलं लक्ष ठेवा. तो खाली खाली येत गेला आणि एक दिवस पडद्यावरून नाहीसा झाला. ते धावत चौकीवर गेले, तर सगळे जवान जागच्या जागी होते. कडक सलाम ठोकला, चहा दिला.

"मग?" भिकननं विचारलं.

"सगळं बरोबर होतं. पण ती माझी माणसं नव्हती."

कर्नलांना सीमेवरून या शांत ठाण्यावर का धाडलं असावं, ते भिकनच्या ध्यानात आलं. आणि त्याच वेळी पडद्यासमोरच्या जवानानं सांगितलं, ठिपका उतरतोय.

कर्नल उठले. इतक्या खाली आलेल्या अनोळखी वस्तूवर कुणाला न विचारता क्षेपणास्त्र सोडायचा अधिकार त्यांना होता. त्यांनी तसा हुकूम दिला. आवाज अगदी साधा होता, दार लावून घ्या म्हणावं तसा.

भिकन आडवा आला. तिथं काहीच नाही, कॅमेऱ्यानं दाखवलंय, खाली माणूस आहे, माझी माय आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कर्नल म्हणाले, "तिच्यासाठीच करतोय. गेल्या वेळी मी थांबलो होतो."

त्यांनी जवानाला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले.

भिकननं फोन लावला. एकदा रिंग गेली आणि मायनं उचलला.

"माय, मेंढरं सोड आन नाल्यात उतर. पळ. काय इचारू नको."

"बरं," माय म्हणाली.

एवढंच. का, कशापायी, तुला काय झालं, काही नाही. आणि फोन बंद झाला.

पडद्यावर एक बारीक रेघ निघाली. ती वर चढली, वळली, ठिपक्याला जाऊन भिडली. मग रेघही नाही, ठिपकाही नाही. आकाश रिकामं.

त्यानंतर तळघरात सगळीकडून फोन सुरू झाले. सिल्लोडला विचारलं, सोयगावला विचारलं. कुणी काही ऐकलं नव्हतं. आवाज नाही, धूर नाही, कुठं आग नाही. मायचा फोन लागत नव्हता.

कर्नल खुर्चीत मागे रेलले होते. त्यांनी जवानाला चहा मागितला. कुणाच्या हातचा चहा घेताना त्यांना त्या ठाण्यावर प्रथमच पाहिलं सगळ्यांनी.

"जाऊन बघून या, शिंगाडे," ते म्हणाले. "आणि मला खरं सांगा. आता मला घेऊन जायला येतील. तुम्ही जे सांगाल त्यावर आहे सगळं."

हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड. गाडी कशी हाकली ते भिकनला आठवत नव्हतं. अजिंठ्याच्या घाटाअलीकडे तो डावीकडे मुरमाच्या वाटेला लागला, तेव्हा ऊन कलत होतं. वाटेवर जळका वास येईल म्हणून त्यानं काचा खाली केल्या होत्या. वास फक्त वाळल्या गवताचा येत होता.

पठारावर खड्डा नव्हता. गवताची काडी मोडलेली नव्हती. मेंढरं चरत होती, आणि पालापुढं तीन दगडांच्या चुलीवर माय भाकरी थापत होती.

भिकन तसाच खाली बसला. हसू येतंय की रडू, त्याला कळेना. कर्नलांवर त्याला असा संताप आला की दात करकरले.

"नाल्यात उतरली व्हतीस का?"

"उतरले की," माय म्हणाली.

हनुवटीवर गोंदण तेच, आवाज तोच. डोईवरचा पदर तसाच कानामागं खोवलेला. त्याला पाणी दिलं, बस म्हणाली. मग पिठाचा गोळा हातावर घेऊन थापू लागली. मेंढरं आवाज न करता चरत होती.

ठाण्यावर कळवायला तो दरडीवर चढला, तोच खिशातला फोन वाजला. कर्नल नव्हते, कुणी परका अधिकारी होता. तो म्हणाला, आम्ही ठाणं ताब्यात घेतलंय, कर्नल तुपे इथं बसलेत, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं दिसतं. तिथं काय आहे?

भिकननं खाली बघितलं. पाल, चूल, धूर, माय.

"काही नाही सर," तो म्हणाला. "सगळं व्यवस्थित आहे. माझी आई ठीक आहे. कर्नलसाहेबांना भास झाला असावा."

पलीकडं कुणीतरी काहीतरी बोललं. मग मागून कर्नलांचा आवाज आला, लांबून, समजावल्यासारखा. "शिंगाडे, नीट बघा. घाई करू नका." फोन तुटला.

तो खाली उतरून चुलीपाशी बसला. दिवस मावळतीला टेकला होता. जाळ चांगला लागला होता, तवा तापून लाल पडला होता.

"जेवता ना?" मायनं विचारलं.

तिनं त्याला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. थट्टा करतेय म्हणून तो हसला आणि मान वर केली.

मायनं तव्यावरची भाकरी उचलून परातीत ठेवली. मग मोकळा हात तिनं तापल्या तव्यावर टेकला आणि तसाच राहू देऊन, त्याच्या उत्तराची वाट बघत, ती हसतमुखानं त्याच्याकडं बघत राहिली.