हरवलेल्या उन्हाळ्याची उजळणी

बेकरीच्या दारात मी त्याला धडकले आणि त्याच्या हातातला पाव खाली पडला. पाव उचलायचं सोडून तो माझ्याकडे बघतच राहिला… भूत बघितल्यासारखा. आता मी काही रूपाची खाण नाही, पण माणसाचा चेहरा पांढराफटक पडावा इतकी वाईटही दिसत नाही!

"तुम्ही… आता बऱ्या आहात?" त्यानं विचारलं.

"मी बरीच आहे. तुम्ही पावाचं बघा."

प्रश्नाचं मला नवल वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी थेक्लाला, म्हणजे मला, विषमज्वर झाला आणि त्यात तिचा एक आख्खा उन्हाळा डोक्यातून पुसला गेला, हे सगळ्या ग्योटिंगनला ठाऊक होतं. तो निघाला डॉक्टर एगॉन वीलांट, विद्यापीठात स्मरणशक्तीवर प्रयोग करणारा. त्याला पाठांतरासाठी माणूस हवं होतं. मी येईन का? घरी मावशीला विचारलं असतं तर तिनं मला कोंडूनच घातलं असतं. म्हणून विचारलंच नाही.

खोलीत भर सकाळी काळे पडदे ओढलेले. टकटक ताल धरणारं एक यंत्र. मधे कागदाचा आडपडदा, त्याला एक फट. फटीमागे एगॉन एक रूळ फिरवायचा आणि त्यावरचे शब्द एकेक करून समोर यायचे. झूफ… तेक… रीम… पोख… ते मी मोठ्यानं वाचायचे, सगळे पाठ होईपर्यंत.

"याचा अर्थ काय?"

"काहीच नाही. अर्थाच्या शब्दांशी आपली आधीच ओळख असते. कधीच न पाहिलेल्या शब्दांवरूनच कळतं, माणूस शिकतो कसा, विसरतो कसा."

"आणि विसरला की संपलं?"

"नाही. विसरलेली यादी दुसऱ्यांदा लवकर पाठ होते. माणूस शपथेवर सांगतो, मी हे कधी पाहिलंच नाही… तरी होते. म्हणजे आत काहीतरी उरलेलं असतं."

"अगं बाई! माझ्या डोक्यातही कुणी दडून बसलंय की काय?"

तो हसला नाही.

पानगळ सुरू झाली तरी मी जातच राहिले. मला आडपडद्याखालून त्याचा रूळ फिरवणारा हात तेवढा दिसायचा. मी मुद्दाम चुकायचे, म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे.

"फ्रॉइलाइन थेक्ला, आज लक्ष कुठंय?"

"तुमच्या हाताकडे."

"हात फक्त फिरतो."

"गुणी आहे बिचारा. उगाच बडबडत नाही."

पलीकडे खोकल्याचा आवाज… आणि रूळ ताल सोडून भलताच फिरला. मला खुदकन हसू आलं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, अगदी धडधडीत. फक्त एक गोष्ट अंगावर काटा आणायची. कधीकधी वाचताना वाटे, शेजारी कुणीतरी बसलंय आणि माझ्याआधी, अर्धा श्वास आधी, तेच वाचतंय.

मग ती धुक्याची सकाळ आली. एगॉननं नवी यादी लावली.

"वाख," मी वाचलं. "दूश. नेफ. होम्त…"

फट अजून कोरी होती. होम्त तिथं आलाच नव्हता. तो मागाहून आला, सावकाश.

मी डोळे मिटले. यंत्र टकटकत होतं आणि माझं तोंड बोलत होतं… एकामागून एक, शेवटपर्यंत, न अडखळता. शेवटच्या शब्दाला मी हसलेसुद्धा. का हसले, मला कळेना. ते हसू माझं नव्हतंच!

मी आडपडदा बाजूला ढकलला. "ही यादी कुणाची आहे?"

"तुझी," तो म्हणाला. तुमची नाही… तुझी. "त्या उन्हाळ्यात आपण दोघांनी गावाच्या तटावरच्या लिंडनच्या झाडांखाली बसून केली होती. शब्द तू सुचवायचीस. आपलं लग्न ठरलं होतं, थेक्ला. तापातून उठल्यावर तू मला बघून विचारलंस, हे गृहस्थ कोण? मावशींनी मला दाराबाहेर काढलं. म्हणाल्या, तिला धक्का बसला तर जीव जाईल. मी गाव सोडून गेलो. परत आलो तर बेकरीत…"

"आणि इतके दिवस गप्प बसलात!"

"तुला नेहमी नवीच यादी द्यायची, असं मी ठरवलं होतं. आज… नाही राहवलं."

मला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त राग आला. "म्हणजे तुम्ही रोज तिला, त्या आधीच्या थेक्लाला शोधत होतात. आणि मी खुळी समजत होते, तुम्ही माझ्यासाठी थांबता! एगॉन, मला तुम्ही आवडता. पण हे आवडणं माझं आहे, की तिचं उरलेलं?"

"ते सांगणारं यंत्र नाही," तो हळूच म्हणाला. "मला तू आवडतेस. मुद्दाम चुकणारी. ती कधीच चुकायची नाही, मलाच सारखी टोकायची."

मी नाक पुसलं. "तिनं कधी तुमच्या थोबाडीत मारली होती?"

"छे! कधीच नाही."

मी एक सणसणीत ठेवून दिली. "ही माझी. हिच्यावर तिचा हक्क नाही."

तो गाल चोळत हसायला लागला, मग मीही. हसता हसता आम्ही फार जवळ आलो होतो.

"आणि… हे?" मी विचारलं. "हे झालं होतं?"

त्यानं मान खाली घातली. "हो."

"मग कसं झालं होतं, ते सांगू नकोस. मला पहिल्यांदाच करायचंय."

मी त्याच्याकडे झुकले. माझ्या हातानं त्याचा चष्मा काढला, घडी घातली आणि त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात न चाचपडता सरकवला. एगॉन डावखुरा; त्याचा तो खिसा भलत्याच बाजूला, उजवीकडे शिवलेला होता. मला ते कुणीच सांगितलं नव्हतं.