गळक्या बाटलीची तक्रार

तो पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आला तेव्हा त्याच्या हातात एक मोजा होता, आणि मोज्यातून फेस येत होता.

विमानतळावर सामानाच्या तक्रारी घ्यायचं काम मी चार वर्षं करतेय. हरवलेल्या बॅगा, तुटलेली चाकं, माणसांचा चढलेला पारा... सगळं पाहिलंय. फेसाळ मोजा मात्र नवीन होता.

“हे तुमच्या विमानानं केलंय,” तो म्हणाला.

“विमानानं नाही, हवेनं. वर गेल्यावर विमानातला दाब उतरतो, बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पूला बाहेर ढकलते. बाटली भरलेली होती?”

“अर्धी.”

“म्हणजे उरलेली हवाच. पुढच्या वेळी बाटली दाबून हवा काढायची, मग झाकण लावायचं. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा आणि वरून पिशवी.”

“सगळ्यांना इतकं समजावून सांगता?”

“जे ऐकतात त्यांना.”

तो ऐकत होता... जरा जास्तच.

पुढच्या शुक्रवारी फेसवॉश. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेल. चौथ्या खेपेला दाढीचं क्रीम, तेही पुस्तकाच्या पानापानांत. साहेब लिफ्टचे तपासनीस. सोमवारी विमानानं जायचे, शुक्रवारी परतायचे. दहा मजली लिफ्टचा एक नट ढिला असला तर याला आवाजावरून कळतं म्हणे, आणि बाटलीचं झाकण काही लावता येत नाही.

“हा अख्खी मोरी घेऊन फिरतो की काय?” शेजारच्या काउंटरवरच्या ताई म्हणाल्या.

मी हसले, पण आत धाकधूक होती. आईनं माझ्यासाठी एक दातांचा डॉक्टर पसंत करून ठेवला होता, आणि सोमवारपर्यंत त्यांना माझं हो की नाही ते कळवायचं होतं. मला एवढंच ठरवायचं होतं — हा माणूस वेंधळा, की वस्ताद? वेंधळा असेल तर डॉक्टर काय वाईट? पण हे सगळं मुद्दाम चाललं असेल... तर मग गोष्ट वेगळी.

सोमवारी सकाळी तो अवचित उगवला. हातात शर्ट, शर्टावर लोशनचा नकाशा.

“दाब,” तो सुस्कारा टाकून म्हणाला.

“कुठल्या विमानात?”

“आत्ताच्याच. साडेसातच्या.”

मी पेन खाली ठेवलं. “साडेसातचं विमान धावपट्टीपर्यंत गेलं आणि इंजिन कुरकुरलं म्हणून परत आलं. तुम्हाला उतरवलं, बॅगा पट्ट्यावर परत दिल्या. ते जमिनीवरून वीतभरही उचललं गेलं नाही.”

तो शर्टाची घडी घालायला लागला.

“मग दाब कुठून आला?”

त्याचे कान लाल झाले. आधी डावा, मग उजवा.

“हातानं दिला,” तो म्हणाला. “पट्ट्याजवळ उभं राहून. पहिला मोजा खरा होता, शपथेवर सांगतो. बाकीचं... समजावून सांगताना तुम्ही कपाळावरची बट मागे सारता ना... ते बघायला यायचं तर काहीतरी सबब नको?”

“चहाला विचारायचं. माणसं असंच करतात.”

“आणि नाही म्हणाला असतात तर? तक्रारीला तुम्हाला नाही म्हणता येत नाही.”

वस्ताद. म्हणजे डॉक्टर गेला.

तेवढ्यात आईचा फोन. “काय कळवू गं त्यांना? ताटकळलेत बिचारे.”

“नाही म्हणून कळव.”

“का? दुसरा कुणी आहे?”

“आहे... समोर उभा आहे.”

पलीकडे भांडं पडलं. मग आईचा सावध आवाज, “दिसायला कसा आहे?”

मी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. कोपरापर्यंत लोशन. “तुकतुकीत,” मी म्हटलं.

“घरी कोण कोण?”

मी फोनवर हात ठेवला. “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“आई-बाबा, दादा-वहिनी,” तो भांबावून म्हणाला. “पण मी आधी चहाचं विचारणार होतो...”

“चहा आमच्याकडेच. शनिवारी संध्याकाळी. आई वाट बघेल.”

“आणि तुम्ही?”

“मी चार शुक्रवार बघतेच आहे.”

आता त्याला हसू आवरेना. “येताना काही आणू?”

“काही नको. हात हलवत या,” मी म्हटलं. “पण धुऊन.”