स्टेजचा सेंट

मुखरू त्या रात्री बकरी आणायला निघाला होता, एवढंच. पोरांनो, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. माझा जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात गेला. वास कशाने येतो, किती टिकतो, हे तरी मला कळायला हवं. पण याचा उलगडा मला झालेला नाही. कदाचित विचारताना माझंच काही चुकलं असेल.

मूल शहराजवळच्या आमच्या लहानशा गावात मुखरू नाटकात बाईचं काम करायचा. नागपूरहून आणलेली सेंटची एक बाटली त्याच्या रंगाच्या पेटीत असे. पिकल्या केळ्याचा गोडवा, आणि मागून मोगरा. नायिका पडद्याबाहेर यायच्या आधी तिचा वास यायचा. लोक म्हणत, "अबे मुखरू, तू लुगडं नेसला का तुही बायको गडी दिसते."

त्याची बायको कमळा म्हणे, "मंग उद्यापासून शेण बी तिलेच काढू द्या."

एकदाच तिनं सेंट मागितला होता. नाटकाला जाताना लावायला.

"स्टेजचा हाये तो," मुखरू म्हणाला. "घरच्या बाईनं लावाचा नाई."

पंचावन्नच्या दिवाळीनंतर कमळा बाळंतपणात गेली. मुलगी वाचली, बकरीच्या दुधावर. मुखरूनं नाटक सोडलं. पौषात बकरी आटली. गाईचं दूध पोरीच्या पोटात ठरेना, आणि गावात अंगावर पाजणारी दुसरी बाई नव्हती. पोर दोन दिवस रडली. मग रडणंही बारीक झालं.

पौष वद्य त्रयोदशीला दिवस मावळता निरोप आला, की शेजारच्या गावी त्याच्या बहिणीची, ताराबाईची, बकरी व्याली आहे. त्याच गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरला होता; त्यानिमित्त त्या रात्री नाटक होतं आणि नाटक मंडळीनं त्याची पेटी मागितली होती. पोरीला म्हाताऱ्या आईजवळ ठेवून, पेटी घेऊन त्यानं बैलगाडी जुंपली.

वाटेत तलावाच्या पाळीवर, बांधावर, बैल थांबले.

वास आला. केळ्याचा... मग मोगऱ्याचा.

बाटली सांडली असेल म्हणून त्यानं पेटी उघडली. बूच घट्ट होतं.

मागं गाडीत पसरलेली भाताची तणस दबली. कुणी बसल्यासारखी. गाडी उलार झाली, मागं झुकली.

त्यानं मागं पाहिलं नाही.

"कमळा?"

...

"चाल. नाटकाले चाल."

काही नाही. बैलांच्या घंट्याही नाहीत.

त्यानं बूच काढलं. हात मागं केला.

"घे. लाव. तुयाच हाये."

बाटली कुणीतरी घेतली. अलगद. बोटं लागली.

"गार होती का?" मी विचारलं.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "गरम होते."

मग गाडी हलकी झाली.

ती रुसून उतरली, की पुढं गेली, त्याला कळेना. नाटकाच्या मांडवात बायकांच्या बाजूला त्यानं एकेक चेहरा पाहिला. एक जण हसून म्हणाली, "काऊन भाऊ, बायको हरवली का?"

 त्यानं पेटी मंडळीच्या हवाली केली, ताराबाईची बकरी गाडीत घातली आणि परत फिरला.

घरी पोचला तेव्हा उजाडत होतं. आतून रडणं येत नव्हतं. तो दारातच उभा राहिला. 

म्हातारी चुलीपुढं होती. "रातभर एकदा बी उठली नाई पोर," ती म्हणाली. "मले बी झोप लागली."

तो वाकला. पोरीचं पोट वरखाली होत होतं. चांगलं भरलेलं पोट. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता.

ओला.

बकरी अजून गाडीतच होती.