चतुराबाईंचा डावा डोळा

शेवटी चतुराबाई थोरल्या जावेच्या गळ्यात पडल्या आणि दोघी हमसून हमसून रडल्या. हे सांगून टाकलं. आता विसरा, कारण त्या सकाळी मंठा गावातल्या त्या घरात असलं काहीही घडलेलं नव्हतं. घडलं होतं ते भलतंच... चतुराबाईंनी डोळा मारला होता!

तापात त्यांचे कान गेले, त्याच्याही आधीपासून थोरल्या जावेनं, नंदाबाईंनी, त्यांच्याशी अबोला धरला होता, आणि पुढं ठार बहिऱ्या झालेल्या जावेशीही तो निष्ठेनं पाळला होता. मग केशवनं, चतुराबाईंच्या लेकानं, शहरात ऑपरेशन करून आईच्या डाव्या कानात यंत्र बसवलं. हळूहळू शब्द उमगू लागले, तशा नंदाबाई पाझरल्या. म्हणाल्या, "चतुरे, लई छळलं गं तुला... माफ कर!"

आणि चतुराबाईंचा डावा डोळा टचकन मिटला, उघडला.

"माझी टिंगल करून राह्यली का गं?" नंदाबाई किंचाळल्या. डोळ्यानं पुन्हा तेच उत्तर दिलं!

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. समोर सासरे, अण्णासाहेब, ज्यांच्यापुढं चतुराबाईंनी उभ्या जन्मात पदर ढळू दिला नव्हता... त्यांनाही डोळा! अण्णासाहेब ताट उचलून ओसरीवर गेले, ते तिथंच जेवू लागले.

चतुराबाईंचं अंतःकरण भीतीनं गोठलं. आवाज परत आले, आणि प्रत्येक आवाजाची धडकी! सांगावं तर यंत्र काढून टाकतील... लेकाच्या आशेची माती होईल! त्यांनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि रांजणवाडी झाली म्हणून सांगितलं.

यंत्राच्या सेटिंगला केशव दोघींना घेऊन गेला. नंदाबाई आल्या त्या डोळ्याची तक्रार करायला.

सेटिंग करणाऱ्या सरोजिनी मॅडमनी पट्टी उतरवली, यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. बाहेरचे आवाज बंद. आता फक्त कानातल्या एकेका तारेला करंट वाढवायचा, आणि चतुराबाईंनी तक्त्यावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. हसरा म्हणजे ठीक, रडका म्हणजे सोसत नाही.

चतुराबाईंचं बोट हसऱ्यावर. करंट वाढला, कानशिलात सुई शिरली, गालावर आसवं ओघळली... बोट हसऱ्यावरच! "बराबर हाय, बाई." माहेरी आईनं बजावलं होतं, सासरी 'जास्त झालं' म्हणायचं न्हाई.

चौदाव्या तारेला डोळा मिचकला.

"आत्ता तर कुणी बोललंच न्हाई!" नंदाबाई दचकल्या. "मंग ही डोळा कुणाला मारून राह्यली?"

"कुणालाच नाही हो. करंट जास्त झालाय, तो चेहऱ्याच्या नसेला लागतोय. खूप दुखत असणार. पण मागच्या वेळीही यांनी सगळं बराबरच सांगितलं!"

नंदाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "ती तसंच सांगती, मॅडम... बाळंतपणात मी तिला शिळं वाढलं व्हतं ना, तवाबी बराबरच म्हणाली व्हती!"

चतुराबाईंना यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. फक्त थोरल्या जावेनं आपलं बोट उचललेलं आणि रडक्या चेहऱ्यावर दाबून धरलेलं दिसलं. त्यानंतर काय झालं, ते तुम्ही विसरला आहातच.

मॅडमनी चौदावी तार बंद केली, बाहेरचे आवाज पुन्हा सुरू केले. डोळा निवला. पण नंदाबाई "चतुरे!" म्हणाल्या, तर तो आवाज पत्र्याआडून आल्यासारखा... दूरचा! चतुराबाई व्याकुळ झाल्या. मॅडमचा हात धरून त्यांनी केशवकडून रीतसर अर्ज लिहून घेतला:

"तरी नम्र विनंती की, क्रमांक चौदाची तार केवळ थोरल्या जावेच्या बोलण्यापुरती चालू ठेवण्यात यावी व कुकरसाठी बंद असावी. डोळ्याची संपूर्ण जबाबदारी कुटुंबावर राहील. अण्णासाहेबांची हरकत नाही."