बांधाची आतली बाजू

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल त्याने सिंगापुरात यिशुनला जाऊन नीलिमाला विचारावं. तिच्या नवऱ्याला विचारू नये, तो शहाणा आहे.

२०१४ सालची, ऑगस्टमधली संध्याकाळ. जागा मरीना बराज... नदीच्या तोंडावरचा बांध. एकीकडे समुद्र, दुसरीकडे अडवलेलं पिण्याचं पाणी.

नीलिमाच्या नवऱ्याच्या, चारुदत्तच्या हातात वडिलांच्या, अण्णांच्या अस्थी होत्या.

"मला वाहत्या पाण्यात सोड. कोंडू नकोस गं," अण्णा सुनेला सांगून गेले होते. कोंडण्याची त्यांना फार धास्ती. फ्लॅटच्या बाथरूमची कडी अडकायची, मग ते आतून दारावर अंगठी वाजवत. दोनदा... थांबून एकदा. चारुदत्त मोबाइलमधून मान वर काढत नसे. नीलिमाच धावायची.

नाशिकला जायला चारुदत्त साहेबांना रजा नव्हती. बोटीने समुद्रात जावं तर मळमळतं. आणि समुद्राकडून वारा होता, राख शर्टावर आली असती! इकडेतिकडे बघून त्याने आतल्या बाजूला कलश उपडा केला.

"अहो, हे साठवलेलं पाणी आहे! दरवाजे बंद आहेत!"

"पाणी ते पाणी. पावसात उघडतील. तुला काही कळतं का?"

एवढा बँकेतला मॅनेजर, पण अक्कल गहाण टाकलेली.

दोघं परत फिरली. आणि मागून, बंद दरवाजाच्या आतून...

ठक ठक.

...ठक.

"पाइप असेल," चारुदत्त म्हणाला. पण चालायला लागला भराभर.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ सोडला तर तो खोकला. अगदी अण्णांसारखा. मग नळाच्या आत... ठक ठक. ठक.

नीलिमाने हातातलं भांडं ओतून दिलं. साहेबांनी मुद्दाम पेला भरला आणि तिच्याकडे बघत गटागटा प्यायला.

"बघ. झालं काही?"

आठवड्याने धो धो पाऊस आला. बांधाचे दरवाजे उघडले. नळ गप्प झाला. सुटले अण्णा, म्हणून नीलिमाने देवापुढे दिवा लावला.

त्या संध्याकाळी लेक क्षिप्रा बाबाच्या छातीवर डोकं ठेवून पडली होती. ती एकदम उठून बसली आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"मम्मी... आजोबा इनसाइड बाबा, लाह. ही वॉन्ट टु कम आउट."

चारुदत्त हसला नाही.

नीलिमाने त्याच्या छातीला कान लावला...

डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे. चारुदत्त आता बाथरूमचं दार लोटूनही घेत नाही. आवाज आला की नीलिमा अजूनही सवयीने उठते, दोन पावलं धावते आणि थांबते.

हे दार उघडायचं कुठून?